विश्लेषण : एसीचा गॅस हवेत सोडला तर काय बिघडते? फ्रिऑनचे जनक थॉमस मिजली यांचे आयुष्य काय शिकवते?

मे महिना संपत आला की भंडारदऱ्यात काजवे पाहणाऱ्यांची गर्दी सुरू होते. शेंडीतील हॉटेले, तलावाकाठचे तंबू, घरगुती निवास सगळे भरलेले असते. त्याआधीच्या पंधरवड्यात धावपळ असते ती एसी आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांची. कुठे थंडावा कमी येतो म्हणून गॅस भरायचा असतो, कुठे जुना एसी उतरवून नवा बसवायचा असतो.

जुना एसी उतरवताना अनेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. पान्याने नट सैल करायचा आणि आतला गॅस हवेत सोडून द्यायचा. थोडा वेळ फुस्स आवाज येतो, मग शांतता. धूर दिसत नाही, वास येत नाही, कुणी खोकत नाही. समोर एवढा मोठा जलाशय, डोक्यावर मोकळे आकाश, मग एवढ्याशा गॅसने काय बिघडणार, असे कुणालाही वाटेल.

सुमारे ९५ वर्षांपूर्वी जगातील नामवंत रसायनतज्ज्ञांनाही असेच वाटले होते. त्या विश्वासाच्या केंद्रस्थानी एक माणूस होता, थॉमस मिजली. त्यांची गोष्ट प्रत्येक एसी मेकॅनिकने आणि एसी वापरणाऱ्यानेही एकदा वाचावी अशी आहे.

कोण होते थॉमस मिजली?

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स येथे झाला. वडील संशोधक वृत्तीचे होते, मोटारींच्या टायरवर त्यांचे काम चाले. मुलगा वाढला तो ओहायो राज्यातील कोलंबस शहरात. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, तीही मेकॅनिकल इंजिनीअरिंगची. रसायनशास्त्राचे रीतसर उच्च शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही, पण पुढे नाव झाले ते रसायनतज्ज्ञ म्हणूनच.

१९१६ मध्ये ते डेटन शहरातील डेल्को प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली रुजू झाले. मोटारीचा विजेवर चालणारा स्टार्टर बनवणारे ते हेच केटरिंग. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सच्या छत्राखाली आली. केटरिंग प्रश्न देत आणि मिजली उत्तर शोधत, असे हे नाते जवळजवळ तीन दशके टिकले. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मिजली यांच्या खिशातच असे. एखादा गुणधर्म हवा असला की सारणीच्या कोणत्या कोपऱ्यात शोधायचे, याचा अंदाज बांधण्यात त्यांचा हात धरणारे कमी होते.

पहिला शोध : पेट्रोलमधले शिसे

केटरिंग यांनी दिलेला पहिला मोठा प्रश्न होता इंजिनाच्या ‘नॉकिंग’चा. त्या काळच्या मोटारींत इंधन अवेळी पेट घेई, इंजिन ठोकल्यासारखा आवाज करी आणि ताकद कमी होई. मिजली यांनी अनेक पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. आयोडीन चालले, पण महाग पडले. टेल्युरियमही चालले, पण त्याचा लसणासारखा उग्र वास अंगाला आणि कपड्यांना असा चिकटे की काम करणाऱ्यांना घरी तोंड दाखवणे कठीण होई.

डिसेंबर १९२१ मध्ये उत्तर सापडले, टेट्राइथिल लेड. अगदी थोडी मात्रा पुरे होई आणि किंमतही कमी होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये हे पेट्रोल विकायला आले. बाजारात त्याचे नाव ‘इथिल’ ठेवण्यात आले. शिसे हा शब्द नावातून वगळला गेला, कारण शिसे विषारी असते हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

मिजली यांना ते सर्वांत आधी कळले. १९२३ च्या सुरुवातीला त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि काम थांबवून विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे रसायन तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. त्यांच्यापैकी पाच जण दगावले.

लोकांचा संताप शमवण्यासाठी मिजली पत्रकारांसमोर आले. त्यांनी ते द्रव हातावर ओतून घेतले आणि सुमारे मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. आपल्याला काहीच होत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. प्रत्यक्षात हे रसायन काय करते, हे त्यांच्या शरीराने आधीच अनुभवले होते.

काही ठिकाणी विक्रीवर तात्पुरती बंदी आली, चौकशी झाली आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. भारतभर शिसेमुक्त पेट्रोल यायला २००० साल उजाडले. मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा जगातील शेवटचा साठा अल्जीरियात संपला तो २०२१ मध्ये.

फ्रिजची भीती कशासाठी होती?

प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास अमेरिकेत घरगुती फ्रिजचा बाजार वाढू लागला होता, पण लोक फ्रिज घरात ठेवायला बिचकत. कारण होते त्यातला गॅस.

तेव्हा थंडावा निर्माण करण्यासाठी मुख्यतः तीन पदार्थ वापरत. अमोनिया विषारी आणि डोळ्यांची आग करणारा. सल्फर डायऑक्साइड गुदमरवणारा. मिथाइल क्लोराइड विषारी, ज्वलनशील आणि वर सौम्य वासाचा, त्यामुळे गळती लक्षातच येत नसे. नळी रात्री गळली तर झोपेतली माणसे उठत नसत. बर्लिनमध्ये एक कुटुंब असेच दगावल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड या दोघांनी फिरते भाग नसलेला, न गळणारा फ्रिज बनवण्याचे काम हाती घेतले, असे सांगितले जाते. शिकागोत १९२९ मध्ये मिथाइल क्लोराइडच्या गळतीने बळी गेल्यावर वृत्तपत्रांनी हा विषय लावून धरला.

जनरल मोटर्सची फ्रिज बनवणारी कंपनी होती फ्रिजिडेअर. विक्री वाढवायची तर सुरक्षित गॅस हवा होता. १९२८ मध्ये केटरिंग यांनी हा प्रश्न मिजली यांच्यापुढे ठेवला. गॅस विषारी नको, पेटणारा नको, धातू खाणारा नको, स्थिर हवा आणि योग्य तापमानाला उकळणारा हवा.

तीन दिवस, पाच बाटल्या आणि एक गिनी पिग

मिजली यांनी अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी या सहकाऱ्यांना सोबत घेतले आणि खिशातली आवर्तसारणी पुन्हा बाहेर आली. सारणीच्या उजव्या बाजूला जावे तशी ज्वलनशीलता कमी होते, खालून वर यावे तसा विषारीपणा कमी होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दोन्ही रेषा येऊन मिळत होत्या फ्लोरीनपाशी. फ्लोरीन म्हणजे भयंकर, असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. पण कार्बनशी घट्ट बांधलेला फ्लोरीन निरुपद्रवी असू शकतो, असे या तिघांना वाटले. अशी संयुगे बेल्जियमचे रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक स्वार्ट्स यांनी १८९० च्या दशकातच तयार केली होती. ती फ्रिजमध्ये वापरता येतील हे मात्र कुणाला सुचले नव्हते. प्रश्न हाती आल्यापासून तीनच दिवसांत पहिला नमुना तयार झाला.

तो बनवायला अँटिमनी ट्रायफ्लोराइड लागत होते. बाजारात शोधून अवघ्या पाच छोट्या बाटल्या मिळाल्या. पहिल्या बाटलीतून गॅस बनवला, काचेच्या हंडीखाली गिनी पिग ठेवून त्यात तो सोडला. प्राण्याला काहीच झाले नाही. दुसऱ्या बाटलीतून बनवलेल्या गॅसने मात्र गिनी पिग मेला. शोध घेतल्यावर कारण सापडले. बाटलीतले रसायन अशुद्ध होते आणि त्यातून फॉस्जीन तयार झाला होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे बळी घेणारा हाच तो वायू. गॅस धुऊन शुद्ध केल्यावर पुढचे प्राणी जगले.

पहिल्यांदा हाती आलेली बाटली अशुद्ध असती तर प्रयोग तिथेच सोडून दिला असता, असे मिजली यांनी नंतर लिहून ठेवले. जगाचा पुढचा इतिहास त्या एका बाटलीच्या शुद्धतेवर अवलंबून होता.

अटलांटातील मेणबत्ती

एप्रिल १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीची सभा अटलांटा येथे भरली होती. मिजली यांनी सर्वांसमोर नव्या गॅसचा श्वास छातीत भरून घेतला आणि नळीतून हलकेच सोडत जळती मेणबत्ती विझवली. एका श्वासात दोन गोष्टी सिद्ध झाल्या : गॅस विषारी नाही आणि तो पेटतही नाही.

त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्यूपॉन्ट यांनी मिळून तो बनवण्यासाठी कंपनी काढली. गॅसला व्यापारी नाव मिळाले फ्रिऑन. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे आपल्याकडे कारागिरांच्या दोन पिढ्यांनी ‘आर-१२’ म्हणून वापरलेला गॅस. एक कार्बन, दोन क्लोरीन, दोन फ्लोरीन आणि उकळबिंदू उणे ३० अंश सेल्सिअस.

या शोधाने लाखो लोकांचे भले झाले, हे मान्य करायला हवे. फ्रिज स्वयंपाकघरात निर्धास्तपणे आला. लसी, औषधे, दूध टिकू लागले. दुसऱ्या महायुद्धात डासनाशक फवाऱ्यांत तो वापरला गेला, पुढे दमेकऱ्यांच्या इन्हेलरमध्येही आला. मिजली यांना १९३७ मध्ये पर्किन पदक, १९४१ मध्ये प्रीस्टली पदक असे मोठे सन्मान मिळाले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंट जमा झाली. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

शेवट कसा झाला?

१९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, मिजली यांना पोलिओ झाला आणि पाय निकामी झाले. अंगातला संशोधक मात्र स्वस्थ बसला नाही. अंथरुणातून उठता-बसता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतः तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथील घरी त्याच दोरांत गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा तो अपघात म्हणून सांगितला गेला. सरकारी नोंद आत्महत्येची होती, असे अभ्यासक सांगतात. ते ५५ वर्षांचे होते.

आपण मागे काय ठेवून जात आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

आकाशात नेमके काय घडले?

फ्रिऑनचा सर्वांत मोठा गुण म्हणजे स्थिरता. तो कशाशीच अभिक्रिया करत नाही. हाच गुण पुढे दोष ठरला. हवेत सुटलेला गॅस पावसाने धुऊन जात नाही, जमिनीत मुरत नाही. आर-१२ वातावरणात सरासरी सुमारे १०० वर्षे टिकतो. मिजली जिवंत असताना सुटलेल्या गॅसचा काही भाग आजही हवेत आहे.

हळूहळू हा गॅस वर चढत ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी त्याचा रेणू फुटतो आणि क्लोरीन सुटा होतो. हा क्लोरीन ओझोनचा रेणू मोडतो, स्वतः मात्र संपत नाही, पुढच्या रेणूकडे वळतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू मोडू शकतो. ओझोन कमी झाला की जास्त अतिनील किरणे जमिनीवर पोहोचतात. त्यातून त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू आणि पिकांचे नुकसान हे धोके वाढतात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी दूर समुद्रावरच्या हवेतही हे वायू मोजले. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी ओझोनचा धोका मांडला. उद्योगांनी त्यांना विरोध केला. १९८५ मध्ये ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनचा थर कमालीचा विरळ झाल्याचे दाखवले आणि वाद जवळपास संपला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह १९९५ चे नोबेल मिळाले.

मग मिजली दोषी होते का?

दोन शोधांबाबत उत्तर वेगवेगळे द्यावे लागते. शिशाच्या बाबतीत धोका समोर होता, कामगार मरत होते, स्वतःलाही बाधा झाली होती. तरी त्यांनी तो नाकारला. तिथे त्यांची बाजू घेणे अवघड आहे.

फ्रिऑनच्या बाबतीत १९३० मध्ये ओझोनचा धोका कुणालाच माहीत नव्हता. हा गॅस खोलीतल्या माणसाला मारतो का, या प्रश्नाचे त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर शोधले. सुटलेला गॅस पुढे कुठे जातो, हे मात्र कुणी विचारले नाही.

आज ते सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे मिजली यांना जी सूट देता येते, ती आज नट सैल करणाऱ्याला देता येत नाही.

आताचे गॅस किती सुरक्षित?

आर-१२ गेला, त्याच्या जागी आलेले गॅसही निर्दोष नाहीत. आर-२२ मध्ये क्लोरीन आहे, त्यामुळे तो ओझोनला कमी प्रमाणात का होईना, मारक आहे. आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२ हे ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांत आर-२२ सुमारे १,८०० पट, आर-४१०ए सुमारे २,१०० पट, तर आर-३२ सुमारे ६७५ पट उष्णता अडवतो.

साधा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एक किलो आर-२२ हवेत सोडणे हे सुमारे ७८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. काजवे पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांच्या धुराबद्दल आपण तक्रार करतो. एका एसीचा सोडलेला गॅस त्या गाड्यांच्या अनेक खेपांना भारी पडतो.

प्रोपेन म्हणजे आर-२९० आणि फ्रिजमधला आयसोब्युटेन म्हणजे आर-६००ए यांचा असा परिणाम नगण्य आहे. साताऱ्यातील शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी २०१२ मध्येच आणले. पण हे गॅस पेट घेतात. बर्फाचे कारखाने, शीतगृहे आणि मोठ्या दूध प्रकल्पांत अमोनिया आजही आहे. तो आकाशाला निरुपद्रवी, माणसाला घातक. थोडक्यात, सर्व बाजूंनी निर्धोक असा गॅस अजून कुणालाच सापडलेला नाही. म्हणून सगळी भिस्त हाताळणीवर आहे.

भारतातील नियम काय सांगतात?

भारत १९९२ मध्ये माँट्रियल करारात सामील झाला. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ओझोन क्षयकारी पदार्थांसंबंधीचे नियम २००० मध्ये आले. त्यांनुसार अशा पदार्थांचे उत्पादन, आयात-निर्यात आणि विक्री यांवर नोंदणी व परवान्याची बंधने आहेत. आर-१२ च्या कुटुंबातील गॅसचे उत्पादन भारताने दम्याच्या इन्हेलरचा अपवाद सोडून २००८ मध्ये थांबवले.

आर-२२ बाबत स्थिती अशी : नवीन उपकरणे बनवताना त्याच्या गटातील गॅस वापरणे १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले. जुन्या एसीच्या दुरुस्तीसाठी तो मिळतो, पण पुरवठा टप्प्याटप्प्याने आटत २०३० पर्यंत दुरुस्तीपुरता अल्प कोटाच उरणार आहे आणि २०४० मध्ये तोही संपेल. म्हणजे आज जुन्या यंत्रातून काढून ठेवलेला आर-२२ उद्या महाग होणार आहे. तो सोडून देणे म्हणजे पैसेच सोडून देणे.

पृथ्वी तापवणाऱ्या गॅसबाबतचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार भारतात २०२८ मध्ये वापर गोठेल आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’मध्ये एक लाख कारागिरांच्या प्रशिक्षण व प्रमाणपत्राचे उद्दिष्ट ठेवले गेले. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून ओझोनमारक गॅस जाणूनबुजून हवेत सोडणे हा गुन्हा आहे आणि प्रमाणपत्राशिवाय हे काम करता येत नाही.

सिलिंडरबाबत २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मोडीत निघालेले फ्रिज आणि एसी २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतात. ते भंगारवाल्याने रस्त्यावर फोडायचे नसतात, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात जायला हवेत.

काम करताना काय पाळावे?

गॅस गोळा करा. स्प्लिट एसी हलवायचा असेल आणि कॉम्प्रेसर चालू असेल तर ‘पंप डाऊन’ करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये साठवता येतो. त्या वेळी यंत्रणेत हवा शिरू देऊ नये, कारण हवा आणि तेल कॉम्प्रेसरमध्ये दाबले गेल्यास स्फोट होऊ शकतो. कॉम्प्रेसर बंद असेल तर रिकव्हरी मशीन लावून गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये घ्यावा. आर-३२ आणि आर-२९० साठी मशीन त्या गॅसला चालणारेच हवे.

सिलिंडर गच्च भरू नका. द्रव गॅस तापला की फुगतो. ८० टक्क्यांवर थांबावे, वजनकाट्यावर मोजावे. एकदा वापरून टाकायचे सिलिंडर पुन्हा भरू नयेत. थंडीत गॅस लवकर यावा म्हणून सिलिंडरला ज्योत दाखवू नये. उन्हात, बंद गाडीत सिलिंडर ठेवू नये.

आधी गळती शोधा, मग गॅस भरा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो आहे. दर उन्हाळ्यात टॉप-अप करणे ही दुरुस्ती नव्हे. जोडांवर साबणाचा फेस लावावा, नायट्रोजनने दाब देऊन तपासावे. दाबासाठी ऑक्सिजन कधीच वापरू नये. तेलाशी संपर्क आल्यावर त्याचा स्फोट होतो.

गॅस आत असताना ज्योत नको. गिनी पिगला मारणारा फॉस्जीन इथे पुन्हा भेटतो. आर-१२ किंवा आर-२२ सारख्या क्लोरीनयुक्त गॅसवर टॉर्चची ज्योत पडली तर आम्लधर्मी वायूंबरोबर थोडा फॉस्जीनही तयार होतो. आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, पण जळल्यावर हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत दाहक वायू निघतो. ब्रेझिंगपूर्वी गॅस पूर्ण काढावा, नळीतून नायट्रोजन फिरवावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. उग्र वास आला की काम सोडून बाहेर पडावे.

पेटणाऱ्या गॅसचा मान ठेवा. आर-२२ च्या जुन्या एसीत स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरणे जिवावर बेतू शकते. ते यंत्र त्यासाठी बनवलेलेच नाही. पाटीवर लिहिलेला गॅसच, लिहिलेल्या वजनाइतकाच भरावा.

स्वस्त सिलिंडरपासून सावध. २०११ मध्ये जहाजावरच्या शीत कंटेनरमध्ये बनावट आर-१३४ए भरला गेला. त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेला होता, १९२० च्या दशकातला तोच विषारी वायू. अॅल्युमिनियमशी त्याची अभिक्रिया होऊन कॉम्प्रेसर फुटले आणि तीन कामगारांचा जीव गेला. बिलाशिवाय, सीलशिवाय गॅस घेऊ नये.

अंगावर घ्या चष्मा आणि हातमोजे. आर-२२ उणे ४१ अंशांना, आर-३२ उणे ५२ अंशांना उकळतो. डोळ्यात उडालेला एक थेंबही बुबुळ गोठवू शकतो. हे गॅस हवेपेक्षा जड असतात, तळघरात किंवा बंद खोलीत खाली साचून प्राणवायू हटवतात. वास येत नाही, म्हणून धोका नाही असे समजू नये.

हॉटेलमालक आणि ग्राहकांनी काय विचारावे?

सगळा भार कारागिरावर टाकणे योग्य नाही. राजूर, अकोले किंवा घोटीहून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला दिवसात पाच कामे उरकायची असतात. रिकव्हरी मशीन महाग असते, गॅस गोळा करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. स्वस्तात आणि लवकर काम मागणारा ग्राहकच नट सैल करायला लावतो.

म्हणून काम देताना चार प्रश्न विचारावेत. गळती शोधणार का? व्हॅक्युम पंप लावणार का? जुना गॅस कुठे जाणार? बिलावर गॅसचे नाव आणि वजन लिहिणार का? या प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यावेत. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड करणाऱ्या मुलांसाठी तर हे कौशल्य पुढची वीस वर्षे रोजगार देणारे आहे.

शेवटी एक आशा

माँट्रियल कराराचे यश दुर्मीळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने झालेल्या अलीकडच्या मूल्यांकनानुसार, सध्याची धोरणे पाळली गेली तर जगाच्या बहुतांश भागात ओझोनचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. एका प्रयोगशाळेत तीन दिवसांत सापडलेल्या गॅसने केलेले नुकसान भरून यायला शतकभराहून जास्त काळ लागणार आहे.

मिजली यांनी अटलांटात एक श्वास घेऊन मेणबत्ती विझवली तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या श्वासातला गॅस पुढे खिडकीतून बाहेर गेला आणि कुणाच्याही लक्षात राहिला नाही. भंडारदऱ्यात एसी उतरवताना निघणारा गॅसही तसाच जातो. फरक इतकाच, की तो कुठे जातो हे आता आपल्याला माहीत आहे आणि तो अडवून ठेवणारे सिलिंडरही उपलब्ध आहे.